बेलबॉटम घाल गं, फक्त टेरिकॉटची नको

या वेळचं पत्र अमळनेरहून आलंय. थोडं कापून देते, कारण मूळ पत्र मोठं आहे आणि त्यातलं निम्मं मावशीवरच आहे.

"ताई, मी एसवाय बीकॉमला आहे. मला सत्तरच्या दशकातले कपडे भयंकर आवडतात, बेलबॉटम, मोठ्या कॉलरचे शर्ट, ते मोठ्या फुलांचे प्रिंट. ऑनलाइन एक बेलबॉटम मागवली आणि कॉलेजला घालून गेले तर मैत्रिणी म्हणे आज रेट्रो डे आहे का. घरी मावशी आलेली, ती म्हणाली सर्कशीत नोकरी लागली का. आजी म्हणते आमच्या टायमाला कोणी असलं घातलं नाही. त्यात पँट इतकी गरम की घरी येईपर्यंत पाय भाजून निघाले. माझी हाइट पाच फूट आहे. मे महिन्यात मामेभावाचं लग्न आहे, हळदीला असंच काहीतरी घालायचंय, बजेट दोन हजार. घालू की नाद सोडू?"

नाद अजिबात सोडायचा नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. मी स्वतः फॅशन डिझाइन शिकतेय, घर जळगावला, आणि माझ्या कपाटातल्या निम्म्या पँटी गुडघ्याखाली पसरणाऱ्या आहेत, तेव्हा माझ्याकडून निष्पक्ष वगैरे सल्ल्याची अपेक्षा ठेवू नकोस. पण तुझं पत्र वाचून मला खरी अडचण वेगळीच दिसली. मावशी बोलणारच, मैत्रिणी हसणारच, ते चालतं. तुझा घोळ झालाय तो कापडात. आत्ता उठ, ती पँट उलटी कर आणि आतलं लेबल वाच. पॉलिस्टर लिहिलेलं असणार, सोबत थोडं स्पॅन्डेक्स. पैज लाव.

आम्हाला टेक्स्टाइलच्या पेपरला एक तक्ता पाठ करावा लागतो, कोणता धागा हवेतला ओलावा किती धरून ठेवतो त्याचा. कॉटन साधारण ८.५ टक्के, व्हिस्कोस म्हणजे आपण ज्याला दुकानात रेयॉन म्हणून मागतो ते ११ ते १३ टक्के, आणि पॉलिस्टर ०.४ टक्के. म्हणजे घाम आला की ते कापड तो पितच नाही, जिथल्या तिथे चिकटून राहतो. आणि बेलबॉटमचा कटच असा की मांडीला घट्ट, तिथे हवेला वाट नाही, आणि खाली जिथे पायाला काही गरज नाही तिथे सगळं मोकळं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जाऊन बसतो, दुपारी १२ नंतर कुत्रं रस्त्यावर दिसत नाही, आणि तू पॉलिस्टर घालून कॉलेजहून घरी येऊन राहिली. पाय भाजणार नाहीत तर काय.

तर माझं म्हणणं एवढंच, सत्तरचा कट घे, सत्तरचं कापड घेऊ नको.

आता तू म्हणशील मग त्या काळच्या लोकांना गरम होत नव्हतं का. होत असणार ना, पण त्या वेळी टेरिकॉट म्हणजे रुबाब होता. टेरिलीन हा धागा म्हणजे पॉलिस्टरच, तो इंग्लंडमध्ये १९४१ साली तयार झाला, मग तो कॉटनमध्ये मिसळून टेरिकॉट आलं, वुलमध्ये मिसळून टेरिवुल आलं. धुतलं की लगेच वाळतं, चुरगळत नाही, इस्त्रीची घडी मोडत नाही. जिथे घरात कोळशाची इस्त्री आणि बाहेर एसटीचा प्रवास, तिथे ही केवढी मोठी सोय. शिवाय आपल्या सरकारने कृत्रिम धाग्यावर भरपूर कर लावून ठेवलेला, त्यामुळे ते महाग, आणि महाग म्हणून अजूनच हवंहवंसं. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर ते कर उतरायला लागले तसं ते स्वस्त होत गेलं. आज बरोब्बर उलटं झालंय बघ, पॉलिस्टर सगळ्यात स्वस्त आणि प्युअर कॉटन मागितलं की दुकानदार वरच्या फळीवरून काढतो आणि भाव सांगताना आपल्याकडे बघत नाही. आणि हे कुठे, तर खान्देशात! शेतात कापूस, तुझ्या गावात प्रताप मिल होऊन गेली, धुळ्याला, जळगावला, चाळीसगावला सगळीकडे गिरण्या होत्या. आणि आपल्या अंगावर मात्र सुरतेच्या गाडीने आलेलं सिंथेटिक. (सुरतेवर राग नाही, माझ्या निम्म्या प्रोजेक्टचं कापड तिथूनच येतं.)

आजीचं म्हणशील तर आजी खोटं बोलत नाहीये. सत्तरचं दशक म्हटलं की तुझ्या-माझ्या डोळ्यासमोर झीनत अमान येते, मोठे गॉगल येतात, डिस्कोचे दिवे येतात. आपल्या आज्यांच्या डोळ्यासमोर १९७२ चा दुष्काळ येतो. खडी फोडायची कामं, रेशनवर मिळालेली मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), सुकडी, कंट्रोलचं कापड. खेड्यातल्या बाईच्या अंगावर नऊवारी लुगडं, तेही जपून वापरायचं. माझी आजी माझी पँट बघून म्हणाली होती, "हाई काय शे वं?" (हे काय आहे गं?) आणि मग बराच वेळ पायाशी बसून त्या घेरात किती कापड गेलं ते हाताने मोजत होती. तिला फॅशन खटकली नव्हती, कापड वाया गेलं ते खटकलं होतं. तुझ्या आजीलाही एकदा विचारून बघ नक्की काय खटकतंय.

पण कोणीच घातलं नाही हे काही खरं नाही हं. माझ्या मोठ्या काकांचा भुसावळच्या एका स्टुडिओतला फोटो आमच्या घरी आहे, मागे रंगवलेला तलाव आणि हंस, पुढे काका, कानाच्या पाळीखाली उतरलेले कल्ले, कॉलरची टोकं जवळजवळ खांद्याला टेकलेली आणि पँटीत बूट गायब. घरात सगळ्यांना त्या फोटोचं केवढं कौतुक. त्याच वयात आत्याचा फोटो बघितला तर गोल साडी, दोन वेण्या, खाली बघतेय. म्हणजे पोरांनी हौस करून घेतली आणि पोरींना कोणी विचारलंच नाही, आमच्या घरचं तरी हेच चित्र आहे. तुमच्या गल्लीतल्या कोणत्या पोराने पहिली बेलबॉटम शिवली ते आजीला विचार, तिला शंभर टक्के आठवत असेल, आणि कोण कोण हसलं होतं तेही.

आता एक गंमत सांगते जी मला या नादाने सापडली. तू विंटेज कपडे शोधायला इन्स्टावर जातेस ना, तिथे विंटेज म्हणून जे विकून राहिले त्यातलं बरंचसं एक्स्पोर्टचं उरलेलं असतं, वर भाव दुप्पट. आणि घरात शोधायला गेलीस तर कपाटात काही मिळायचं नाही. जे चांगलं होतं ते बोहारणीने नेलं, त्याचं स्टीलचं पातेलं झालं, आणि त्या पातेल्यात आज वरण शिजतं. जे फाटलं त्याची गोधडी झाली. तर सत्तरचं दशक बघायचं असेल तर घरातली सगळ्यात जुनी गोधडी अंगणात उन्हात टाक आणि बस तिच्याजवळ. वरचं कव्हर उसवलं असेल तर आतले थर दिसतात. मी प्रिंटच्या प्रोजेक्टला हेच केलं, क्लासमधल्या बाकी पोरी लॅपटॉपवर परदेशी मासिकांतले फोटो जमवून राहिल्या होत्या आणि मी घरच्या जुन्या गोधडीचे क्लोजअप घेतले. काय प्रिंट होते गं! हाताच्या पंजाएवढं फूल, त्याच्या कडेला जाड तपकिरी रेघ, शेजारी मोहरीचा पिवळा, विटकरी, बाटलीसारखा हिरवा. गोल, त्यात अजून एक गोल. काही ठिकाणी रंग इतका उडालेला की फुलाची फक्त कडा राहिलीय आणि ते मूळपेक्षाही भारी दिसतं. बहुतेक सुती व्हॉईल आणि सुती साड्या, कारण नायलॉन सुईखाली घसरतं म्हणून गोधडीत घालायला बायका नाखूश असतात. मोबाइलमध्ये फोटो काढून घे आणि तेच रंग दुकानात घेऊन जा. गोधडी फाडू मात्र नकोस, त्या एका गोष्टीवर मी आजीच्या बाजूने आहे.

आणि हे सगळं परदेशी आहे, आपण नक्कल करतोय असं कोणी म्हणालं (मैत्रिणी म्हणतातच कधी ना कधी) तर त्यांना सांग की त्या दशकात परदेशातली पोरं-पोरी आपलंच घालून फिरत होती. चुरगळलेलं पातळ कॉटन, ब्लॉक प्रिंटचे घागरे, आरसेकाम, कोल्हापुरी चपला, कुडते, सगळं इथून जायचं. जयपूरची अनोखी ही ब्लॉक प्रिंटवाली कंपनी १९७० ची. फॅबइंडिया १९६० पासून नुसतं एक्स्पोर्ट करत होती, दिल्लीत त्यांचं पहिलं दुकान निघालं १९७६ ला, म्हणजे आधी सोळा वर्षं माल बाहेर आणि मग आपल्याला. त्यामुळे आज कुठल्या साइटवर बोहो टॉप म्हणून १८०० ला काही दिसलं तर आधी नीट बघ, त्यातलं अर्धं तुला जळगावच्या फुले मार्केटच्या मागच्या गल्लीत कापड म्हणून सुटं मिळेल. एक मात्र, आरसेकामाचा नाद असेल तर मशीनवरचं चमचम प्लास्टिक घेऊ नकोस. चाळीसगाव, पाचोरा, जामनेरकडे बंजारा तांडे आहेत, तिथल्या बायकांच्या हातचा छोटा तुकडा घे, सांगतील तो भाव दे, घासाघीस करू नकोस. एक पट्टी कॉलरला किंवा खिशाला लावलीस तरी पुष्कळ होतं. त्यांचा पूर्ण वेश हळदीला घालणं मला बरं वाटत नाही, तो त्यांचा रोजचा आणि सणाचा पोशाख आहे.

हसण्याबद्दल अजून एक. ईव्ह सां लोराँ हे नाव तुला माहीत असेल, पॅरिसचा मोठा डिझायनर. त्याने १९७१ च्या जानेवारीत चाळीसच्या दशकावरून, युद्धाच्या काळातल्या कपड्यांवरून कलेक्शन केलं तर पेपरवाल्यांनी त्याला धू धू धुतला. म्हणजे ज्या दशकाला आपण आज जुनं आणि सुंदर म्हणतो त्या दशकातली माणसं पण त्यांच्या आधीचं उकरून काढत होती आणि शिव्या खात होती. लंडनच्या बीबा नावाच्या दुकानाचंही तेच, वीस-तीसच्या दशकातल्या तिरप्या कटाचे, गडद रंगांचे कपडे, आणि सगळी तरुण गर्दी तिथे. (आपल्या कुर्तीवाल्या बीबाचा याच्याशी संबंध नाही, मला पण आधी तसंच वाटलं होतं.) तुला सर्कस म्हणाली एक मावशी, त्याला म्हणाले अख्खे पेपर.

मैत्रिणींच्या रेट्रो डेचं मात्र मी थोडं गंभीरपणे घेईन, कारण त्यात पॉइंट आहे. तू पत्रात लिहिलं नाहीस पण मला वाटतं तू त्या दिवशी बेलबॉटमसोबत मोठ्या कॉलरचा शर्टही घातला असशील, गोल गॉगलही, केसांना पट्टाही, जमलं तर गळ्यात ते शांततेचं चिन्हवालं लॉकेट. सगळं एकदम घातलं की बघणाऱ्याला माणूस दिसत नाही, गॅदरिंगची एंट्री दिसते. मी एका वेळी एकच गोष्ट त्या काळातली घालते, बाकी सगळं आजचं आणि घरचं. बेलबॉटम असेल तर वर साधी सुती शॉर्ट कुर्ती किंवा टीशर्ट. मोठी कॉलर असेल तर खाली रोजची जीन्स. मोठ्या फुलांचा प्रिंट असेल तर कट एकदम सरळ. गॉगल ऊन आहे म्हणून घाल, फोटोसाठी नको. विग आणि चमकतं सॅटिन तर मला बघवतच नाही, मे महिन्यात सॅटिन घालणाऱ्याला बक्षीस द्यायला हवं.

आता टेलर. रेडीमेड परत मागवू नकोस, शिवून घे, आणि टेलर साठीच्या पुढचा शोध. अमळनेरला असे काका नक्की असतील ज्यांनी तरुणपणी रोज या पँटी कापल्या, त्यांना फोटो दाखवायचीही गरज नाही, नुसतं बेलबॉटम म्हण, डोळे चमकतील. फक्त ते तुला २६ इंचाची मोहरी (पायाचा खालचा घेर) सुचवतील, तिथे नको म्हण. तुझी हाइट पाच फूट, २६ च्या मोहरीत तू बुडशील. गुडघा १५-१६ इंच, मोहरी २२, फार तर २३, तुझ्या मांडीच्या मापाने काका इकडेतिकडे करतील. घेर गुडघ्यावरून सुरू न करता दोनेक इंच वरून सुरू करायला सांग, त्याने पाय लांब दिसतो. कंबर बेंबीवर घे, आणि हे सांगताना आसन (कमरेपासून मांड्यांच्या मधल्या शिवणीपर्यंतचं माप) पण वाढवा असं स्पष्ट सांग, नाहीतर नुसती कंबर वर जाते आणि बसल्यावर जीव जातो. पुढे खिसे नकोत, फुगतात. साइडला एक खिसा मात्र भांडून घे, पोरींच्या पँटीला खिसा म्हटलं की टेलर लोकांना काय होतं कळत नाही.

कापड कॉटन ट्विल किंवा ड्रिल (तिरक्या विणीचं जाडसर सुती), दुकानदाराला सांगता येत असेल तर १८० ते २०० जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), म्हणजे घेर नीट पडेल एवढं वजन आणि उन्हात घालता येईल एवढं हलकं. याहून पातळ घेतलंस तर घेर पडत नाही, नुसता फडफडतो. ४४ इंचाचा पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर अडीच मीटर, ५८ चा असेल तर दीडमध्ये होऊन जातं. प्युअर कॉटन म्हणून देईल, विश्वास ठेवू नकोस, कडेचे दोन धागे मागून घे आणि घरी येऊन जाळून बघ. कॉटन कागदासारखं जळतं, वास पण कागदाचाच, मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. आधी हे कर, मगच कापड घे. आणि कापड टेलरकडे द्यायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजव, सावलीत वाळव, इस्त्री कर, मगच दे. कोरं कॉटन पहिल्या धुण्यात आटतं, ३८ इंच लांबीवर तीन-चार टक्के म्हणजे इंच-दीड इंच गेला, आणि बेलबॉटम घोट्याच्या वर गेली की मग मावशी म्हणते ते खरं होतं. माप देताना ज्या चपला घालणार त्याच घालून जा, पँट जमिनीपासून जेमतेम अर्धा इंच वर राहिली पाहिजे. दोन इंच जाड सोलच्या चपला घे, पेन्सिल हिल नको, लग्नाच्या मांडवात मातीत रुतते. आणि स्कूटीवर मागे बसलीस तर घेर आधी रबरबँडने आवळून घे, सायकलवर तर नक्कीच, पूर्वी बाप्ये लोक पँटीला क्लिप लावायचे ते काही उगाच नाही.

ती ऑनलाइनवाली पँट फेकू नकोस. फिटिंग आवडलं असेल तर तीच काकांना मापाला दे, नुसत्या आकड्यांपेक्षा त्यांना ते सोपं जातं. आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या लग्नाला घाल, थंडीत पॉलिस्टर बोचत नाही, उलट बरंच वाटतं.

जीन्स पडून असेल तर फुकटातला मार्ग पण आहे, हिप्पी पोरं हेच करायची. बाहेरची शिवण गुडघ्यापर्यंत उसव आणि तिथे त्रिकोणी कळी टाक, वर टोक आणि खाली आठ-नऊ इंच. कळी आईच्या जुन्या सुती साडीची घे, आतून अस्तर लाव नाहीतर साडी जीन्सच्या वजनाने ओढली जाऊन फाटते. कॉलेजला रोज घालायला हे मस्त.

कॉलरसाठी नवीन शर्ट शिवू नकोस. पप्पांचा सुती जुना शर्ट घे, तुला तो खाली लांब होणारच, तेवढा खालचा घेर कापून काढला की त्यातच मोठ्या कॉलरचं कापड निघतं, रंग पण तोच. टोक तीन इंच ठेव. तेव्हा चार-पाच इंचांपर्यंत जायचे पण तुझ्या चणीला ते झेपणार नाही.

आणि पँट नकोच वाटली एखाद्या दिवशी तर रॅप ड्रेस हा त्याच काळातला, डायन वॉन फर्स्टनबर्ग या डिझायनरने १९७४ ला आणला, समोर एकावर एक पदर आणून कमरेला गाठ, ना चेन ना बटण. कोणत्याही अंगाला बसतो, कमी-जास्त झालं तरी गाठ सरकवायची. रेयॉनमध्ये शिवून घे, आत छोटं बटण लाव नाहीतर वारा आला की पंचाईत. मॅक्सी मात्र तुला सुचवत नाही, कारण माझं ठाम मत आहे की सत्तरची मॅक्सी आपल्याकडे कधी गेलीच नाही, तिचाच गाऊन झाला आणि आज समस्त खान्देशातल्या काकू त्यावर ओढणी टाकून भाजी घ्यायला जातात. तू मॅक्सी घालून बाहेर पडलीस की कोणीतरी विचारणारच, अंघोळ राहिली का.

आता मावशी. मावशीशी वाद घालू नकोस, वादात मावश्या हरत नाहीत. तिला टेलरकडे सोबत ने. खरंच सांगते, कापड निवडायला ने, भाव तिला करू दे, मोहरी किती ठेवायची ते तिला आणि काकांना भांडू दे. एकदा तिने स्वतः रंग निवडला की ती पँट तिची होते, मग लग्नात कोणी काही बोललं तर तीच उत्तर देईल. वयाने ती तेव्हा शाळकरी असेल नाहीतर जन्मली पण नसेल, पण घरातल्या मोठ्या पोरांचे कपडे तिने बघितलेले असणार. गाडीत बसल्या बसल्या विचार, सगळं बाहेर येईल.

पैशाचं गणित मांडलं तर कॉटन ट्विल अडीच मीटर साधारण साडेपाचशे-सहाशे, पँटीची शिलाई चारशे-पाचशे, आईच्या साडीतून वरचा टॉप शिवला तर कापड फुकट आणि शिलाई तीनशेच्या आसपास. दोन हजारात चपला पण बसतात. लग्नसराईत टेलर लोक हातात येत नाहीत, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच देऊन टाक, नंतर गेलीस तर तारीख मिळेल पण पँट मिळणार नाही.

हळदीचा रंग शेवटी. पांढरी बेलबॉटम दिसायला सगळ्यात सुंदर आणि हळदीला सगळ्यात मूर्खपणाची. मोहरीचा पिवळा किंवा विटकरी घे, गोधडीत दोन्ही सापडतील. वर आईच्या साडीचा टॉप, फुलं मोठी चालतील कारण पँट प्लेन आहे, केसात मोगरा, कानात घरचंच काहीतरी. टॉप कमरेच्या हाडावर संपू दे, त्याखाली गेला की पाच फुटाची तू साडेचार दिसशील. तरीही भाऊ-बहिणी हळद फासणारच. डागावर साबण लावलास की तो लाल होईल, घाबरू नकोस, हळद साबणाने लाल होतेच. दोनदा साध्या पाण्याने खळबळून टाक आणि तशीच ओली गच्चीवर उन्हात घाल, हळदीचा रंग उन्हात उडतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे ऊन तेवढं एक फुकट आणि भरपूर आहे.